इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर : ॲम्प्लिफायर व सबवूफरची जुळणी

काही मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणून, त्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार ठेवून आवाज काढणारा स्पीकर. नेहमीच्या, शंकूच्या स्पीकरांचे ठोकताळे त्याच्या जुळणीत पुरे पडत नाहीत.

या रचनेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. 1920 च्या दशकात जर्मनीत हान्स फोग्ट यांनी प्रयोग केले. अमेरिकेत एडवर्ड केलॉग यांना 1934 मध्ये पेटंट मिळाले. मात्र पडद्याला अतिशय मोठ्या रोधातून भार द्यावा, म्हणजे तो हलताना भार बदलत नाही व विरूपण (डिस्टॉर्शन) घटते, हे तत्त्व निर्णायक ठरले. त्याचे श्रेय कोणी हार्वर्डचे हंट व त्यांच्याकडे काम केलेले आर्थर जॅन्सन यांना देतात, तर कोणी ब्रिटनचे पीटर वॉकर व विल्यमसन यांना. वॉकर यांचे लेख 1955 चे आहेत. त्यांच्या क्वाड कंपनीचा ईएसएल हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर 1957 च्या सुमारास बाजारात आला. दोन्ही गट बव्हंशी स्वतंत्रपणे तेथे पोहोचले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने हे पॅनेल म्हणजे ट्रान्सफॉर्मरमागचा कपॅसिटर. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, वारंवारता वाढेल तसा उतरतो. काही मॉडेलांत तो 20 किलोहर्ट्झला एक ओहमच्याही खाली जातो. प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावत असल्याने परत आलेली शक्ती आउटपुट ट्रान्झिस्टरांत उष्णता होऊन बसते, आणि फीडबॅकचा (आउटपुटचा अंश परत इनपुटला देण्याचा) समतोल नाजूक असलेला ॲम्प्लिफायर आपोआप आंदोलित होऊ शकतो. म्हणून छापील वॉटपेक्षा असा भार तो स्थिरपणे पेलतो का, हे आधी पाहावे. संगीतात त्या टोकाला ऊर्जा थोडीच असते, त्यामुळे नुसत्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा अंतर्गत इम्पीडन्स एक ओहम आणि भार दोन ओहम धरला, तर वरच्या टोकाचा आवाज 3.5 डेसिबलपर्यंत पडू शकतो. काहींना भावणारा ‘मऊपणा’ बराचसा यातूनच येतो. उलट, जुन्या क्वाडला सुमारे 33 व्होल्ट शिखरमूल्याच्या वर नेल्यास ठिणगी पडून पडदा फुटतो.

पॅनेल पुढे व मागे विरुद्ध कलेत (फेजमध्ये) आवाज फेकते. खालच्या सुरांत दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, सबवूफर, लागतो. तो ‘वेगवान’ हवा असे सर्रास म्हटले जाते, पण अडचण प्रसारणाच्या आकारात आहे. उंच पॅनेलचा आवाज जवळच्या टप्प्यात अंतर दुप्पट झाल्यावर सुमारे 3 डेसिबलने घटतो, तर मोकळ्यात सबवूफरचा 6 ने. त्यामुळे एका खुर्चीवर जमलेला तोल मागच्या सोफ्यावर बिघडतो. बंद पेटीचा सबवूफर, 80 हर्ट्झच्या आसपास दर सप्तकाला 24 डेसिबल उताराचा फिल्टर व कलेची मापनाने जुळणी ही सुरुवात बरी.

मुंबईत पेच जागेचा. बारा फूट लांबीच्या खोलीची पहिली अनुनाद वारंवारता सुमारे 47 हर्ट्झ येते आणि कोपऱ्यातला सबवूफर नेमका तिलाच चेतवतो. शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचणारा घुमारही बहुधा तोच. पॅनेल मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे घेतले, तर भिंतीवरून परतणाऱ्या मागच्या लाटेमुळे 190 हर्ट्झजवळ आवाजात खड्डा पडतो. पॅनेल किंचित तिरके ठेवून व मागे जाड कापडी पडदा लावून तो थोडाफारच बुजतो.

समुद्राची खारट, दमट हवा व धूळ यांमुळे भार पृष्ठभागावरून गळतो. बायस पुरवठ्यासाठी (पडद्याला स्थिर भार देणाऱ्या सर्किटसाठी) लागणारे हाय व्होल्टेज डायोड व कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधता येतात. पावसाळ्यात एका बाजूचा आवाज बसला किंवा टिकटिक सुरू झाली, तर ॲम्प्लिफायर बदलण्याआधी डावे-उजवे पॅनेल अदलाबदल करून पाहावे. दोष पॅनेलबरोबर सरकला, तर तपासणी बायस पुरवठ्यापासून सुरू करावी.