तुरळक म्हणजे थोडा नव्हे

मार्चअखेरीस हवामान खात्याचा अंदाज बहुतेक वेळा असा येतो: मध्य महाराष्ट्रात कमाल तापमानात 2 ते 3 अंशांनी वाढ, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाने वारे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आमच्याकडे त्या वेळी बेदाण्याचा हंगाम ऐन भरात असतो. अंदाज ऐकला की कोणीतरी म्हणतंच, "ऊन वाढणार म्हणतायत आणि पाऊसही म्हणतायत, मग धरायचं काय?" आणि लगेच दुसरा म्हणतो, "तुरळकच आहे की, पडतील दोन थेंब." या दुसऱ्या वाक्यानं आमच्याकडे अनेकांचा माल गेला आहे.

खात्याच्या भाषेत 'तुरळक' हे पावसाच्या जोराचं माप नाही, पसाऱ्याचं आहे. विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', 50 टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी', 75 पर्यंत 'अनेक ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. हा विभागही केवढा, तर मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून थेट कोल्हापूर-सोलापूरपर्यंत. जिथे पडेल तिथे तो 5 मिलिमीटर पडेल की 50, याबद्दल 'तुरळक' काहीच बोलत नाही. त्यासाठी हलका, मध्यम, मुसळधार हे वेगळे शब्द आहेत.

आता ऊन आणि पाऊस एकाच अंदाजात कसे? वळवाचा पाऊस उन्हावरच चालतो. या दिवसांत वायव्येकडून कोरडे वारे येतात, तर बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे. दोन्ही जिथे समोरासमोर येतात, तिथे विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकमार्गे खाली दक्षिणेपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा तयार होतो. बातम्यांत आपण ज्याचं नाव ऐकतो तो हाच. बाष्प हजर असतं, पण सकाळी ते वर चढत नाही. दुपारी पारा अडतीस-एकोणचाळीसवर गेला की जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि वर झेपावते. वर जाताना ती दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी निवते. पुरेशी निवली की बाष्पाचे थेंब होतात, आणि थेंब होताना बाष्पातली साठलेली उष्णता बाहेर पडते. ती उष्णता हवेला आणखी वर ढकलते. पाहता पाहता ढगाचा मनोरा 12 किलोमीटरच्याही वर जातो. म्हणून वळीव दुपारनंतर येतो, आणि म्हणून 'आज लई उकडतंय, येणार बघ' हे आमच्या आजीचं वाक्य शास्त्राला धरून आहे.

मग तो सगळीकडे का येत नाही? चुलीवर पिठलं रटरटायला लागलं की पाहा. तळ सगळा तापलेला असतो, पण फुगा इथे एक फुटतो, तिथे एक. जिथे वर येतो तिथे शेजारचं पिठलं खाली बसतं. आकाशातही असंच होतं. एका ढगात हवा वर चढते तेव्हा भोवतालची हवा खाली उतरते, आणि उतरणाऱ्या हवेत ढग धरत नाही. असा एकेक ढग काही किलोमीटर रुंदीचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. आज फुगे फुटणार हे आदल्या दिवशी सांगता येतं. नेमका तुमच्या शिवारावर फुटेल का, हे ढग उभा राहिल्यावर रडार सांगतं. यात खात्याची चूक काढणं मला अन्यायाचं वाटतं.

ढगात साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तिथे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेले थेंब असतात. ते बर्फाच्या कणाला चिकटत गेले आणि खालून येणारा झोत जोरदार असला, तर त्या कणाची गार होते आणि ती वाढत राहते. झोताला पेलवेनाशी झाली की खाली येते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्या खुणा द्राक्ष-डाळिंबाच्या बागांनी पुढची कित्येक वर्षं अंगावर वागवल्या.

बेदाण्याला मात्र गारांचीही गरज नसते. शेडमध्ये जाळीच्या रॅकवर द्राक्षं सुकत पडलेली असतात, बाजू वाऱ्यासाठी उघड्या. नुसता 10 मिलिमीटर पाऊस, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 10 लिटर पाणी, तिरपा आत शिरला की हिरवा माल काळा पडतो आणि त्याचा भाव घसरतो.

पावसाआधी एक खूण मिळते. ढगातून निघालेले थेंब कोरड्या हवेत वाटेतच सुकतात, त्यानं हवा गार आणि जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. धुळीचा लोट, मागोमाग गार झुळूक, त्यात दूर कुठे भिजलेल्या मातीचा वास. तिथून पाऊस यायला कधी दहा मिनिटं, कधी वीस. कधी तो येतच नाही. गेल्या वर्षी त्या झुळकीवर वडील चहाचा कप तसाच ठेवून शेडकडे धावले होते. आम्ही पश्चिमेकडची ताडपत्री खाली सोडून दोरी आवळेपर्यंत पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. मैलभर पलीकडच्या वस्तीवर त्या दिवशी धूळसुद्धा भिजली नाही.