अमेरिकन वृत्तमाध्यमांतील रशिया

रशिया आणि तेथील सत्ताधारी यांचे अमेरिकन वृत्तपत्रे, साप्ताहिके व वाहिन्यांनी केलेले वार्तांकन. १९१७ च्या क्रांतीपासून ते अखंड चालू आहे आणि त्याची उलटतपासणीही जवळपास तितकीच जुनी आहे.

पहिली मोठी उलटतपासणी १९२० ची. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकन पत्रकारांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील रशियाच्या तीन वर्षांच्या बातम्या चाळून ‘न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात दीर्घ लेख लिहिला. बोल्शेविकांची, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांची, राजवट कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे ‘टाइम्स’ने ९१ वेळा छापल्याचे त्यांना आढळले. राजवट मात्र जागची हलली नव्हती. यामागे कुणाचा कट नव्हता. बातमीदार आणि संपादकांना जे घडावेसे वाटत होते, तेच त्यांना घडताना दिसत होते, असा लिपमन-मर्झ यांचा निष्कर्ष. शिवाय अमेरिकन बातमीदारांना रशियात सहसा प्रवेशच नसे. लॅटव्हियातल्या रीगासारख्या शहरांत बसून, सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या आणि मुत्सद्द्यांच्या तोंडच्या गोष्टींवर बातम्या रचल्या जात.

१९२१ च्या दुष्काळात अमेरिकन मदतीबरोबर बातमीदारही आत गेले आणि चुकांची दिशा बदलली. ‘टाइम्स’चे वॉल्टर ड्युरांटी १९२२ ते १९३६ मॉस्कोत होते. १९३१ मधील वार्तापत्रांसाठी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हे तरुण वेल्श पत्रकार युक्रेनची खेडी पायी पालथी घालून बर्लिनला पोहोचले आणि तिथे लोक भुकेने मरत असल्याचे त्यांनी जाहीर केले. दोनच दिवसांत ड्युरांटींनी ‘टाइम्स’मध्ये त्यांना खोडून काढले : रशियन लोक भुकेले आहेत, पण उपासमार नाही. १९३२-३३ च्या त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. पारितोषिक परत घ्यावे ही मागणी पुलित्झर मंडळाने २००३ मध्ये फेटाळली. मजकूर सेन्सॉरच्या टेबलावरून जाणार आणि व्हिसा सरकारच्या हाती, ही मॉस्कोतल्या प्रत्येक बातमीदाराची अडचण होती. ड्युरांटी तिच्याशी जरा जास्तच जुळवून घेत.

शीतयुद्धात बंद दारांआडचे ओळखण्याचे एक शास्त्रच तयार झाले. लेनिनच्या समाधीवर संचलनाच्या दिवशी कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, यावरून सत्तेची उतरंड मांडली जाई. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे डुस्को डोडर यांनी रेडिओवरचे बदललेले गंभीर संगीत आणि सरकारी इमारतींत रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे पाहून सोव्हिएत सर्वोच्च नेते आंद्रोपोव्ह वारले असावेत, असे कळवले. वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांनी नकार दिल्यावर ‘पोस्ट’ने बातमी आतल्या पानावर ढकलली. डोडर यांचे म्हणणे खरे होते.

नेत्यांच्या चित्रणात मात्र फारसे बारकावे नसत. गोर्बाचेव्ह हे ‘टाइम’ साप्ताहिकाचे १९८७ चे वर्षपुरुष, पुढे दशकपुरुष, पुतिन २००७ चे. देश म्हणजे क्रेमलिनमधला एक माणूस, हे समीकरण पुतिन यांच्या काळात आणखी घट्ट झाले.

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील रशियन हस्तक्षेप विशेष सरकारी वकील रॉबर्ट म्युलर यांच्या चौकशीत सिद्ध झाला. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेशी संगनमत झाल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. या दोहोंमधले अंतर अनेक वाहिन्यांनी राखले नाही. व्हरमाँटच्या वीजजाळ्यात रशियन हॅकर घुसल्याची ‘पोस्ट’ची डिसेंबर २०१६ मधील बातमी दुरुस्त करावी लागली, ज्या लॅपटॉपवरून ती उठली तो जाळ्याला जोडलेलाच नव्हता. माजी ब्रिटिश गुप्तहेर ख्रिस्तोफर स्टील यांच्या ट्रम्प-रशिया संबंधांवरील कथित गुप्त अहवालावर आधारलेल्या बातम्या याच दैनिकाने २०२१ मध्ये दुरुस्त केल्या.

मार्च २०२२ मध्ये रशियाने सैन्याविषयी ‘खोट्या’ बातम्यांना १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा केला आणि अनेक अमेरिकन बातमीदार मॉस्कोतून बाहेर पडले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे इव्हान गेर्श्कोविच यांना २०२३ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, ऑगस्ट २०२४ च्या कैदी अदलाबदलीत ते सुटले. आता रशियाच्या बऱ्याच बातम्या पुन्हा सीमेबाहेरून लिहिल्या जातात. अमेरिकन दैनिके ज्याचा वारंवार हवाला देतात, ते ‘मेदूझा’ हे रशियन संकेतस्थळ २०१४ मध्ये सुरू झाले, तेही रीगातच.