बिअर्डेड ड्रॅगन: पिल्लू न्यावं की मोठा?

दुकानात आलेलं माणूस हमखास पिल्लापाशीच थांबतं. वीतभरही नसलेला जीव, एक पुढचा पाय उचलून हळूच गोल फिरवतो आणि बघणारा विरघळतो. "भाऊ, पिल्लूच द्या, लहानपणापासून सांभाळलं की लळा लागतो." कुत्र्याच्या बाबतीत हे खरं आहे. बिअर्डेड ड्रॅगन मात्र ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, एकट्याने राहणारा सरडा. नीट हाताळलेला मोठा सरडाही नव्या घरातल्या हातांना सरावतो. आणि पिल्लाचं ते पाय फिरवणं म्हणजे 'मी लहान आहे, मला मारू नकोस' अशी विनवणी असते.

म्हणून आमचं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा पाळत असाल आणि घर खान्देशात असेल, तर वर्षाच्या पुढचा न्या. पिल्लू स्वस्त पडतं, तरीही.

पहिलं कारण खाण्याचं. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा जिवंत किडे लागतात, 30-40 सहज संपतात. मोठ्याचं पोट मुख्यतः पाल्यावर भरतं. किडे आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. आमच्याकडे रातकिडे पार्सलने येतात आणि मे महिन्यात डबा उघडला की कधी कधी निम्मे मेलेले असतात. अशा वेळी मोठा सरडा शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस आणि जास्वंदीच्या फुलांवर चार दिवस काढतो. पिल्लाचे तेच चार दिवस उपासाचे होतात. शेतातले नाकतोडे धरून घालू नका. कपाशीवर, केळीवर फवारणी कधी झाली ते आपल्याला कळत नाही. काजवा तर चुकूनही नको. एका काजव्यानेही हा सरडा मरू शकतो.

दुसरं कारण हाडांचं. एक ताई चार महिन्यांचं पिल्लू दाखवायला घेऊन आल्या होत्या. खालचा जबडा बोटाने हलकासा दाबला तर रबरासारखा लवला. पुढचे पाय वाकलेले, उचलताना अंग थरथरत होतं. त्यांनी हयगय केली नव्हती. टँक (सरड्याची काचेची पेटी) रोज खिडकीशी ठेवत होत्या, पण ऊन येत होतं काचेतून. हाडांसाठी लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते. ते नसले तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. यूव्हीबीची ट्यूब आणि किड्यांवर भुरभुरायची कॅल्शियम पावडर मोठ्यालाही लागतेच, पण झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला काही आठवड्यांची चूकही महागात पडते. वाकलेलं हाड सहसा सरळ होत नाही. ट्यूब जळत असली तरी यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून ती सहा ते बारा महिन्यांनी बदलायची.

तिसरं कारण आपला उन्हाळा. या सरड्याला टँकच्या एका टोकाला 38 ते 42 अंश ऊब हवी, हे खरं. पण दुसरं टोक 25-28 अंशांच्या आसपास हवं. जळगाव-भुसावळला पारा 45 गाठतो तेव्हा गार टोक उरतच नाही. लहान अंगातलं पाणी लवकर आटतं. त्या दिवसांत दुपारी उबेचा दिवा बंद ठेवा, टँक घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा, उन्हात कधीच ठेवू नका. कूलरचा ओला झोत सरळ टँकवर येऊ देऊ नका, त्या दमटपणाने फुप्फुसाचा आजार होतो. उबेखाली बसून तोंड उघडलं तर काळजी नाही. गार टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर ताबडतोब थंडावा द्या.

मोठा घेताना मात्र पारखून घ्या, कारण आधीच्या मालकाच्या चुका त्याच्या अंगात असतात. कोणती ट्यूब होती, काय खात होता, का देताय, हे विचारा. शेपटीचं मूळ भरलेलं हवं, कमरेची हाडं वर आलेली नकोत, डोळे टपोरे हवेत. बोटं मोजा, शेपटीचं टोक शाबूत आहे का बघा: एकत्र ठेवलेली पिल्लं एकमेकांना चावतात आणि पालीची येते तशी यांची शेपूट पुन्हा येत नाही. त्यामुळे दोन नेऊन जोडी लावायचा विचारही सोडा. मोठ्यात नर-मादी ओळखता येते, पिल्लात खात्री देता येत नाही. मादी नराशिवायही अंडी घालते, तेव्हा तिला उकरायला माती लागते. वयाचा हिशेबही करा. आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचं, तेव्हा सहा वर्षांचा घेतलात तर निम्मं सरलेलं असतं.

पिल्लूच हवं असेल आणि दुपारी घरी कुणी असेल, तर दिवाळीच्या सुमारास न्या. थंडीत रात्रीची ऊब सांभाळावी लागेल, पण उन्हाळ्यापर्यंत ते अंगाने भरतं.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा, नाहीतर साल्मोनेला हा आजार करणारा जिवाणू पोटात जाऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. आणि कुणी घोरपड किंवा सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) आणून द्यायला तयार असेल तर नाही म्हणा. ते आपले वन्यजीव आहेत, पाळणं गुन्हा आहे.

मोठ्यासाठी किमान 4 फूट लांब, 2 फूट रुंद टँक लावा. आठवडाभर रिकामा चालवून दोन्ही टोकांचं सकाळ-दुपारचं तापमान कागदावर लिहून आणा. तो कागद बघूनच आम्ही सरडा देतो.