घरात कुत्रा आणलाय? परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

कुत्रा घरी आला की त्याचं नाव ठरतं, पट्टा येतो, गल्लीतली पोरं बघायला जमतात. परवाना आठवतो तो शेजाऱ्याने तक्रार केल्यावर, नाहीतर कुणाला दात लागल्यावर. मग घाईत भरलेला अर्ज परत येतो आणि माणूस वैतागून तो विषयच सोडून देतो.

"कुत्राले लायसन कसाले लागस?" असं आपल्या खान्देशात अजूनही बरेच जण विचारतात. महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवरच्या कराची तरतूद आहे आणि नोंदणी, परवाना, बिल्ला हे सगळं स्थानिक संस्थेकडून होतं. जळगाव आणि धुळ्यात महानगरपालिकेत चौकशी करायची. भुसावळ, अमळनेर, शिरपूर, नंदुरबार इथे नगरपालिकेत. बहुतेक ठिकाणी हे काम आरोग्य विभागाकडे असतं. फी आणि अर्जाचा नमुना प्रत्येक शहराचा वेगळा, म्हणून पुण्या-मुंबईचा व्हिडिओ बघून तिथला फॉर्म भरून आणू नका. गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीत विचारा. तिथे परवाना देण्याची सोय नसली तरी लसीचं कार्ड नीट ठेवा, कारण कुत्रा कुणाला चावला तर पहिला प्रश्न त्याच कार्डाचा निघतो.

अर्जासोबत साधारण हे लागतं: मालकाचं आधार, पत्त्याचा पुरावा, मालकाचा आणि कुत्र्याचा फोटो, रेबीज लसीचं प्रमाणपत्र. नसबंदी झाली असेल तर त्याच्या दाखल्याची झेरॉक्स. यादी एवढीच आहे, पण निम्म्याहून जास्त त्रास एकट्या लसीच्या कागदात आहे.

लस टोचली आहे एवढं पुरत नाही. कुणी टोचली, कोणती, कोणत्या बॅचची, हे कागदावर दिसावं लागतं. आपल्याकडे सर्रास काय होतं, तर मेडिकलमधून लस आणायची आणि ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची. हातात राहते मेडिकलची पावती, आणि ती कुणीही मान्य करणार नाही. यात कागदापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो, आणि त्या उन्हात खिशात किंवा डिकीत घालून आणलेल्या लशीचा भरवसा धरता येत नाही. कुत्र्याला लस दिली या समजुतीत घरातली लहान पोरं त्याच्याशी खेळत राहतात. कृपा करून असं करू नका.

कार्डावर नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. लशीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. सरकारी दवाखान्यात लस घेतली तर सही पशुधन विकास अधिकाऱ्यांची, म्हणजे तिथल्या पशुवैद्यकांची, आहे ना, ते तिथेच बघा. पशुधन पर्यवेक्षकांच्या सहीवरून अर्ज अडू शकतो. २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, ठिकठिकाणी मोफत लसीकरण होतं. त्याचा फायदा जरूर घ्या, पण शिबिरातून कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. गर्दीत ते राहून जातं आणि नंतर शिक्का देणारं कुणी सापडत नाही.

दुसरा घोळ तारखांचा. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर दिली जाते, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, मग दरवर्षी. त्यामुळे दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचा अर्ज घेऊन गेलात तर तो परत येणारच, त्यात कारकुनाचा दोष नाही. पिल्लू विकत घेताय तर हेही बघा: केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कार्डावर 'पुढील डोस' म्हणून लिहिलेल्या तारखेलाच लोक परवान्याची मुदत समजतात. दोन्ही वेगळ्या. परवान्याची मुदत परवान्यावर किंवा फीच्या पावतीवर बघा, आणि नूतनीकरणाला जाताना लस चालू आहे ना, ते आधी तपासा.

पत्त्याच्या पुराव्यात घरपट्टी आजोबांच्या नावावर निघते. आजोबा जाऊन कित्येक वर्षं झालेली, वारसनोंद कुणी केलेली नाही. कुत्र्याच्या परवान्यासाठी एवढ्या जुन्या गोष्टीवर अडवणं मला पटत नाही, पण अडवतात. अशा वेळी स्वतःच्या नावाचं वीजबिल किंवा आधारवरचा पत्ता चालतो का, ते आधी विचारून घ्या. घरपट्टी थकली असेल तर तिचीही आठवण तिथेच करून दिली जाते. भाडेकरूंनी भाडेकरार आणि घरमालकाचं संमतीपत्र सोबत न्यावं. सोसायटीने ठराव करून कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलंय.

जातीच्या रकान्यात गावठी कुत्र्याला उगाच 'पामेरियन' लिहू नका. 'देशी' लिहा. फोटोत पूर्ण अंग आणि खुणा दिसू द्या.

रस्त्यावरचा कुत्रा घरी आणणाऱ्यांचं मला फार कौतुक आहे, पण त्यांच्यासाठी एक जास्तीची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटका कुत्रा दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येतो. त्या कुत्र्याला टॅग लावून तो अर्जदाराच्या ताब्यात दिला जातो आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. बदली झाली, बाळ झालं म्हणून परत सोडता येणार नाही. सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा. एका कानाचा तुकडा कापलेला दिसला तर त्याची नसबंदी बहुधा झालेली आहे, पण दाखला वेगळा मागून घ्यावा लागतो.

परवाना मिळाला म्हणजे जबाबदारी संपली नाही. कुत्र्यापासून कुणाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि घरच्याच पिल्लाचे दात लागले तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

अर्ज दिला की पोच घ्याच. 'साहेब नाहीत, ठेवून जा' असं म्हणाले तरी आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी नकार मिळाला तर कारण लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांची मुदत आणि फी कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. कुत्र्याचा परवाना त्या यादीत असेल आणि मुदतीत मिळाला नाही, किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनामही त्याच फलकावर असतं.