लक्झेंबर्गचा माल आणि शेजाऱ्यांच्या वह्या

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-तक्त्यांत लक्झेंबर्गची आयात-निर्यात शोधायला गेलात, तर १९९९ च्या अलीकडे ती नीट मिळते. त्याच्या मागे गेलं की देशाचं नावच गायब होतं आणि त्या जागी 'बेल्जियम-लक्झेंबर्ग' अशी जोडओळ दिसते. नवखा अभ्यासक इथे गोंधळतो. हा देश १८३९ पासून आजच्या सीमांमध्ये उभा आहे, संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य आहे, युरोपच्या पोलाद उद्योगात त्याचं नाव शंभराहून जास्त वर्षं गाजलं. मग त्याच्या मालाचा हिशेब इतक्या उशिरा स्वतंत्र का झाला?

आकार लहान, हे त्याचं उत्तर नाही. लक्झेंबर्गचं क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही कमी, हे खरं. पण माल्टासारख्या त्याहूनही लहान देशाची स्वतंत्र आकडेवारी फार जुनी आहे. खरं कारण असं, की देशादेशांतल्या मालव्यापाराची आकडेवारी मुळात कोणी मुद्दाम गोळा करत नसे. ती जकात नाक्यावर आपोआप तयार होत असे. माल सीमेवर आला, अधिकाऱ्याने तो पाहिला, तोलला, किंमत लिहिली, शुल्क घेतलं. महिन्याअखेर त्या कागदांची बेरीज म्हणजेच व्यापाराचा आकडा. स्वतःचा नाका असेल तर स्वतःचा आकडा. आणि लक्झेंबर्गभोवती केवळ त्याचीच अशी जकातीची भिंत १८४२ नंतर जवळपास कधी राहिलीच नाही.

त्या वर्षी १ एप्रिलपासून हा देश प्रशियाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जर्मन जकात संघात, म्हणजे झोलव्हेरिनमध्ये सामील झाला. जकात खात्याचा प्रमुख प्रशियन अधिकारी असे. संघाचं उत्पन्न सदस्य राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलं जाई. त्यामुळे दर तीन वर्षांनी माणसं काळजीपूर्वक मोजली जात. या पद्धतीचा एक मोठा फायदा आज इतिहासकारांना होतो: एकोणिसाव्या शतकातल्या लक्झेंबर्गच्या लोकसंख्येची मालिका भरघोस आहे. माल मात्र जर्मनीत जाताना कुठेच नोंदवावा लागत नसे, कारण जकातीच्या दृष्टीने तो घरातल्या घरातच हलत होता.

आणि त्या काळात हलणारा माल थोडाथोडका नव्हता. देशाच्या दक्षिणेला, एश आणि डुडेलांजच्या परिसरात, 'मिनेट' नावाचं लोहखनिज आहे. त्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्याचं पोलाद ठिसूळ होई. १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी फॉस्फरस काढून टाकण्याची प्रक्रिया शोधली आणि या खनिजाचं नशीब पालटलं. लक्झेंबर्गच्या कारखानदारांनी तिचा परवाना लगोलग घेतला. जर्मनीतून कोळसा आणि कोक यायचा, इथून खनिज, बीड (कच्चं लोखंड) आणि पुढे पोलाद जायचं. या प्रक्रियेतून उरणारी फॉस्फरसयुक्त धातुमळी खत म्हणून उत्तरेच्या नापीक जमिनीत पडली आणि तिथली शेती सुधारली, हाही त्याच कथेचा एक देखणा भाग आहे. १९११ मध्ये मोठ्या कंपन्या एकत्र येऊन आर्बेड ही कंपनी झाली. एवढं सगळं घडत असताना देशाच्या मुख्य ग्राहकाला किती माल गेला याची जकातीतून येणारी नोंद नाही. हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर १९१८ च्या अखेरीस लक्झेंबर्गने जर्मन संघ सोडला. आता जोडीदार कोण निवडायचा? २८ सप्टेंबर १९१९ रोजी जनतेचं मत घेतलं गेलं. सुमारे ७३ टक्के मतदारांनी फ्रान्सशी आर्थिक संघ करावा असा कौल दिला. फ्रान्सने मात्र बेल्जियमशी असलेलं आपलं राजकारण जपण्यासाठी हात मागे घेतला. मग २५ जुलै १९२१ रोजी करार झाला तो बेल्जियमशी, पन्नास वर्षांसाठी, आणि १ मे १९२२ पासून दोन देशांमधली जकातीची रेषा पुसली गेली. लोकांनी न निवडलेला हा जोडीदार पुढे सगळ्यात टिकाऊ ठरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देश गिळंकृत केला ती वर्षं सोडली, तर ही भागीदारी अखंड चालली. १९४८ पासून नेदरलँड्ससह बेनेलक्सचा जकात संघ आला, १९६८ मध्ये युरोपीय समुदायाचा. भिंत दर वेळी आणखी दूर सरकली.

या काळात दोन्ही देशांच्या बाहेरच्या व्यापाराचा एकच हिशेब निघे आणि तो बेल्जियमच्या बाजूने तयार होई. याचा परिणाम किती होतो, हे मुंबईकरांना पटकन कळेल असं एक उदाहरण आहे. हिऱ्यांचं. कच्चे हिरे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या बाजारातून मुंबईत येत आणि सुरत-मुंबईत पैलू पाडून झालेला माल पुन्हा अँटवर्पला जाई. ही उलाढाल इतकी मोठी, की आंतरराष्ट्रीय तक्त्यांत 'बेल्जियम-लक्झेंबर्ग' हा भारताचा वजनदार भागीदार दिसतो. त्या आकड्याकडे पाहून कोणी लक्झेंबर्ग आणि भारताच्या नात्याबद्दल काही निष्कर्ष काढला तर तो चुकणारच, कारण त्या ओळीतलं वजन अँटवर्पच्या हिरेबाजाराचं आहे.

पोलादाच्या बाबतीत मात्र चित्र बरंच स्पष्ट राहिलं. कारखाने मोजके होते, आणि १९५२ पासून युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाची उच्च सत्ता लक्झेंबर्ग शहरातच बसून देशवार आकडे मागत होती. १९७४ मध्ये या देशाने सुमारे ६४ लाख टन पोलाद ओतलं. लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास. अख्ख्या भारताचं उत्पादन त्या सुमारास ७० लाख टनांच्या आगेमागे होतं, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा धाक कळतो. पुढच्याच वर्षी मंदी कोसळली. १९८१ मध्ये शेवटची खाण बंद झाली, १९९७ मध्ये बेलव्हालची शेवटची झोतभट्टी विझली आणि पोलाद विजेच्या भट्टीत, भंगारापासून होऊ लागलं. म्हणजे निर्यातीच्या रकान्यात पोलाद राहिलं, पण आयातीच्या बाजूला खनिज आणि कोक जाऊन भंगार आलं.

सांख्यिकी कार्यालय, स्टाटेक, १९६२ पासून आहे. पण त्याच्या हातात मालव्यापाराचं पूर्ण काम येण्यामागे एक उलटीच घटना आहे. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांमधले जकातीचे कागद बंद झाले. लक्झेंबर्ग दीडशे वर्षं ज्या स्थितीत होतं, त्या स्थितीत आता फ्रान्स, जर्मनी, इटली सगळेच आले. तोडगा म्हणून इंट्रास्टॅट ही पद्धत आली: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी दर महिन्याला थेट सांख्यिकी कार्यालयाला कळवायचं, कोणता माल, कोणत्या देशातून आला किंवा कोणत्या देशाला गेला, किती वजनाचा, किती किमतीचा. पडताळा मूल्यवर्धित कराच्या विवरणांशी. छोट्या व्यापाऱ्यांचा भाग अंदाजाने भरला जातो. या पद्धतीला नाका लागत नाही, म्हणूनच बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधली वाहतूकही तिच्या कक्षेत येते. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तक्त्यांत दोन्ही देश वेगळे झाले. २०२२ पासून सदस्य देश एकमेकांना निर्यातीच्या कंपनीनिहाय नोंदीही देतात, म्हणजे बेल्जियमने पाठवलेल्या मालाची यादी स्टाटेकला ताडून पाहता येते.

तरी आकडे वाचताना सावध राहावं लागतं. युरोपीय संघातून आलेल्या मालाच्या बाबतीत भागीदार म्हणून तो जिथून पाठवला गेला तो देश लिहितात. चीनमध्ये बनलेला संगणक अँटवर्पला उतरला, तिथेच सीमाशुल्क भरून मोकळा झाला आणि ट्रकने आला, तर लक्झेंबर्गच्या खात्यात तो बेल्जियमकडून आलेला दिसतो. लक्झेंबर्गच्या आयातीत बेल्जियमचा वाटा मोठा आहे, आणि त्यातला काही भाग अँटवर्प बंदराचा आहे.

दुसरी गोष्ट तुटीची. पोलादाची भरभराट ओसरल्यापासून लक्झेंबर्गचा मालव्यापार तुटीत असतो आणि बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख चिंतेच्या सुरात होतो. मला ती चिंता बऱ्याच अंशी अनाठायी वाटते. बँका, गुंतवणूक निधी आणि इतर सेवा यांतून येणारा पैसा या तक्त्यात धरलेलाच नसतो. शिवाय इंधनाचं पाहा. इथला कर कमी, म्हणून शेजारच्या देशांतले वाहनचालक गाड्या इथे भरून नेतात. महामार्गावरचा बेर्शेमचा पंप युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या पंपांत गणला जातो. ते पेट्रोल-डिझेल टँकरने देशात येतं तेव्हा आयात म्हणून नोंदलं जातं. खासगी गाड्यांच्या टाक्यांतून बाहेर जातं तेव्हा मालाच्या निर्यातीत त्याची नोंद होत नाही, ते प्रवाशांच्या खर्चाच्या खात्यात मोजलं जातं. तुटीचा आकडा उद्धृत करणाऱ्याने निदान एवढं तरी त्याच्याबरोबर सांगायला हवं.