अण्वस्त्रमुक्ती ही फक्त डाव्यांची मागणी?

“अण्वस्त्रं नष्ट करा, हे डाव्यांचं आणि भाबड्या शांततावाद्यांचं खूळ” हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अमेरिकेच्या बाबतीत तरी ते साफ खोटं आहे.

ऑक्टोबर १९८६. आइसलँडमधल्या रेक्याविकला, समुद्रकाठच्या पांढऱ्या होफ्दी हाउसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन सोव्हिएत संघाचे नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्यासमोर बसले होते. रेगन म्हणजे उजव्या रिपब्लिकन पक्षाचे, साम्यवादाचे हाडवैरी. सगळीच अण्वस्त्रं नष्ट करायला आपली हरकत नाही, असं रेगन म्हणाले. गोर्बाचेव्हही तयार झाले. रेगन यांचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांनीही लगेच होकार भरला. बोलणी फिसकटली ती रेगन यांच्या अंतराळातल्या क्षेपणास्त्रविरोधी कवचावरून. इतक्या जवळ येऊन ते हुकलं, याची हळहळ मला आजही वाटते. तरी पुढच्याच वर्षीच्या करारानं दोन्ही देशांची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडीत निघाली.

जानेवारी २००७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये अण्वस्त्रमुक्त जगाची मागणी करणारा लेख आला. त्यावर सह्या चौघांच्या: रिपब्लिकन शुल्ट्झ आणि माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर, डेमोक्रॅट विल्यम पेरी आणि माजी सिनेटर सॅम नन. पेरी तर माजी संरक्षणमंत्री. दोन्ही पक्षांत या मागणीला विरोध करणारेही आहेत, पण या चौघांना भाबडं कोण म्हणेल?