रॉकेटविरहित कक्षाप्रक्षेपण

उपग्रह किंवा अन्य वस्तू रॉकेटच्या रेट्याशिवाय पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचविण्याच्या पद्धती. तोफ, विद्युत्‌चुंबकीय प्रवेगक, फिरती भुजा, अंतराळ उद्वाहक (लिफ्ट), लेसर किरण अशा अनेक साधनांचा या दृष्टीने विचार झाला आहे. कक्षेत स्थिरावलेली प्रत्येक मानवनिर्मित वस्तू मात्र आजवर रॉकेटनेच तिथे गेली. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बहुतांशी अर्धवट राहिलेल्या प्रयोगांचा आणि कागदावरच्या आराखड्यांचा आहे. जमिनीवरून फेकलेल्या वस्तूला शेवटच्या टप्प्यात छोटे रॉकेट जोडण्याची मुभा ठेवावी की नाही, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे दिलेल्या कारणांमुळे ही मुभा ठेवणेच सयुक्तिक वाटते. ती नाकारली, तर अंतराळ उद्वाहक आणि त्याच्या जवळचे एक-दोन प्रकार सोडून हाती काही उरत नाही.

तत्त्व : उंची गाठणे हा प्रश्नाचा लहानसा भाग आहे. १ किग्रॅ. वस्तू ४०० किमी. उंचीवर नेण्यास सु. ३.७ मेगॅज्यूल ऊर्जा लागते, तर त्या उंचीवर टिकून राहण्यासाठी लागणाऱ्या सु. ७.७ किमी./से. वेगासाठी २९ मेगॅज्यूल लागते. म्हणूनच बलूनने तीस-चाळीस किमी. उंच जाऊन कक्षेचा प्रश्न फारसा सुटत नाही. खरी अडचण आडव्या वेगाची आहे.

जमिनीवरूनच हा सगळा वेग एका दमात दिला तर काय होईल, याचे पहिले स्वच्छ विवेचन न्यूटन यांनी केले. त्यांचा मजकूर १६८५च्या सुमाराचा असावा. तो त्यांच्या निधनानंतर १७२८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच पर्वताच्या माथ्यावरून आडवा सोडलेला गोळा वेग वाढवत नेला की अधिकाधिक दूर पडतो आणि अखेरीस पडेनासा होऊन पृथ्वीला फेरी घालतो, असे त्यांनी आकृतीसह दाखविले. पृथ्वीच्या पृष्ठभागालगत हा वेग सु. ७.९ किमी./से. भरतो, ११.२ किमी./से. हा मुक्तिवेग ओलांडला की वस्तू परतत नाही.

न्यूटन यांच्या आकृतीतील एक बारकावा लोकप्रिय लेखनातून अनेकदा निसटतो. एकदाच धक्का मिळालेली वस्तू बंदिस्त कक्षेत गेली, तर ती कक्षा धक्का मिळालेल्या बिंदूतून पुन्हा जातेच. पर्वतमाथ्यावरून नेमक्या आडव्या दिशेने निघालेल्या गोळ्याच्या कक्षेचा उपभू बिंदू (पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) म्हणजे पर्वतमाथ्याचीच उंची. दरम्यान पृथ्वी फिरलेली असल्याने पर्वत जागेवर नसेल, पण हवा असेल. न्यूटन यांनी हवेचा रोध विचारात घेतलेला नाही. प्रत्यक्षात एव्हरेस्टच्या उंचीवरही गोळा पहिल्या फेरीआधीच जळून किंवा मंदावून खाली येईल. तोफ वर रोखली तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण उपभू बिंदू जमिनीच्या पोटात जातो. वेग कमी पडला तर वस्तू जमिनीवर येते, जास्त झाला तर कायमची निघून जाते; मधली जागा नाही. अपभू (पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या) बिंदूपाशी दुसरा धक्का देऊन उपभू बिंदू वातावरणाच्या वर उचलावा लागतो. चंद्राच्या गुरुत्वाकडून हे काम करून घेणे गणितात शक्य आहे, पण सर्व व्यवहार्य आराखड्यांत ते एका छोट्या रॉकेटवरच सोपविलेले दिसते.

दुसरी मर्यादा त्वरणाची. ८ किमी./से. वेग १ किमी. लांबीच्या नळीत द्यायचा झाल्यास सरासरी त्वरण ३,२०० जीच्या वर जाते (१ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचे त्वरण). माणसाला सोसेल असे ३ जी ठरविले, तर मार्ग सु. १,१०० किमी. लांब हवा. तिसरी मर्यादा हवेची. समुद्रसपाटीला या वेगाने निघालेल्या वस्तूच्या तोंडावर येणारा गतिकीय दाब वातावरणदाबाच्या पावणेचारशे पटींच्या घरात जातो.

तोफ : झ्यूल व्हेर्न यांच्या १८६५च्या कादंबरीतील चंद्रावर जाणारी तोफ सुप्रसिद्ध आहे, तिच्या नऊशे फूट नळीत प्रवाशांवर वीस हजार जीहून अधिक त्वरण आले असते, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे. प्रत्यक्षातील तोफांपैकी १९१८ मध्ये पॅरिसवर मारा करणाऱ्या जर्मन तोफेचा पल्ला सु. १२० किमी. होता आणि तिचे गोळे वाटेत सु. ४० किमी. उंची गाठत.

या दिशेने सर्वांत पुढे गेलेला प्रयोग म्हणजे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कर यांनी १९६०च्या दशकात राबविलेला ‘हार्प’ प्रकल्प. त्याचा सूत्रधार जेराल्ड बुल हा कॅनेडियन प्राक्षेपिकी-तज्ञ. अमेरिकी नौदलाच्या १६ इंची तोफेची नळी घेऊन तिच्यातले आटे काढण्यात आले आणि आतून ती गुळगुळीत करण्यात आली. पुढे दोन नळ्या टोकाला टोक जोडून सु. ३६ मी. लांबी साधली. ही तोफ बार्बेडोस बेटावर विमानतळानजीक समुद्राकडे तोंड करून बसविली होती. ‘मार्टलेट’ नावाचे प्रक्षेप्य नळीच्या व्यासापेक्षा बरेच बारीक, बाणासारखे आणि शेपटीला पंख असलेले होते. नळी भरून निघावी म्हणून त्याला बहुतांशी लाकडी असे सुटे वेष्टन घालत. नळीबाहेर पडताच वेष्टनाचे तुकडे गळून पडत आणि बाण एकटा वर जाई. आतील उपकरणे रेझिनमध्ये घट्ट ओतून बसवीत, कारण कमाल त्वरण दहा हजार जीच्या वर जात असे. उंचीवर सोडलेल्या रासायनिक धुराच्या रेषांवरून व धातूच्या बारीक तुकड्यांवरून वरच्या थरांतील वाऱ्यांचे मापन झाले. शास्त्रीय दृष्ट्या प्रकल्पाचे खरे फलित हेच. उंचीच्या विक्रमापुढे ते झाकोळले गेले आहे.

तो विक्रम बार्बेडोसचा नव्हे, ॲरिझोनातील यूमा येथील अशाच तोफेचा. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिथून उडविलेले मार्टलेट सु. १८० किमी. उंचीवर पोहोचले. नळीच्या तोंडाशी वेग सु. २.१ किमी./से. होता, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात कक्षीय गरजेच्या साधारण सात टक्के. उरलेल्या वेगासाठी घन इंधनाचे टप्पे असलेले मार्टलेट-४ आखले होते. त्याआधीच १९६७ मध्ये निधी थांबला. तोफेने उपग्रह सोडण्याचे सामर्थ्य ‘हार्प’ने सिद्ध केले, असे काही समर्थक लिहितात. वरील टक्केवारी पाहता ते विधान जपून घ्यावे लागते. बार्बेडोसची तोफ गंजलेल्या अवस्थेत अद्याप जागेवर आहे.

बुल याने पुढे इराकसाठी ‘बॅबिलॉन’ प्रकल्प हाती घेतला. त्यात १ मी. व्यासाची आणि १५६ मी. लांबीची नळी योजिली होती. २२ मार्च १९९० रोजी ब्रसेल्समध्ये त्याची हत्या झाली आणि एप्रिलमध्ये नळीचे भाग ब्रिटिश सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी टीसपोर्ट बंदरात पकडले. ही तोफ उपग्रहांसाठी होती की शस्त्र म्हणून, यावर अजून वाद आहे. एका जागी पक्की बसविलेली, वळविता न येणारी तोफ युद्धात निकामी ठरते हा पहिल्या पक्षाचा युक्तिवाद वजनदार आहे. पण प्रकल्प कोणाच्या पैशाने चालला होता हेही नजरेआड करता येत नाही.

दारूगोळ्याच्या तोफेला मूलभूत मर्यादा आहे. नळीतील वायू स्वतः किती वेगाने प्रसरण पावू शकतो, त्यावर गोळ्याचा वेग ठरतो, आणि स्फोटक दारूचे वायू जड असतात. म्हणून हलका हायड्रोजन वापरण्याची कल्पना निघाली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हंटर यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभारलेल्या ‘शार्प’ तोफेत मिथेन जाळून दट्ट्या ढकलला जाई, दट्ट्या हायड्रोजन दाबे आणि तो हायड्रोजन दुसऱ्या नळीतील प्रक्षेप्य फेकी. सु. ५ किग्रॅ. वस्तुमानाला ३ किमी./से. वेग मिळाला. मोठ्या आवृत्तीला निधी मिळाला नाही.

पास्कल-बी झाकणाचा वाद : स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या आधीच एक पोलादी झाकण अंतराळात गेले, ही कथा वारंवार सांगितली जाते. नेव्हाडात २७ ऑगस्ट १९५७ रोजी झालेल्या ‘पास्कल-बी’ या भूमिगत अणुचाचणीत सु. १५० मी. खोल विवराच्या तोंडावर सु. १० सेंमी. जाडीचे आणि सु. ९०० किग्रॅ. वजनाचे पोलादी झाकण बसविले होते. स्फोटाने ते उडाले. वेगवान कॅमेऱ्याच्या एकाच चित्रचौकटीत ते दिसते, त्यामुळे त्याच्या वेगाची फक्त खालची मर्यादा काढता येते. चाचणीवर काम करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनली यांनी चाचणीपूर्वी केलेल्या गणितात मुक्तिवेगाच्या सहापट असा आकडा निघाला होता; पण त्यात हवा, गुरुत्व आणि पोलादाची मजबुती धरलेली नव्हती. हा आकडा पुढे मोजलेला वेग म्हणून फिरू लागला.

झाकण अंतराळात पोहोचले नसावे हेच मत अधिक ग्राह्य वाटते. १० सेंमी. जाडीच्या पोलादाचे वस्तुमान दर चौरस मीटरला ७८५ किग्रॅ. भरते, तर त्यावरील हवेच्या स्तंभाचे नेव्हाडाच्या उंचीवर ९,००० किग्रॅ.च्या आसपास. सपाट जाणाऱ्या झाकणाला आपल्या अकरा-बारा पट वस्तुमानाची हवा बाजूला सारावी लागली असती. ते कडेने गेले असते तर हिशेब बदलतो, असा प्रतिवाद होतो. तथापि एवढ्या वेगात पातळ चकती कडेवर स्थिर राहील असे मानण्यास आधार नाही. ब्राउनली यांनीही पुढे ते वाटेतच जळून गेले असावे असे म्हटले. आणि वरील आकडा खरा मानला तरी झाकण सूर्याभोवती किंवा त्यापलीकडे गेले असते, पृथ्वीच्या कक्षेत नव्हे.

याच वर्षी १६ ऑक्टोबरला खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी एरोबी रॉकेटवरून सु. ८५ किमी. उंचीवर स्फोटक भाराने ॲल्युमिनियमचे कण उडविले. काही कण मुक्तिवेगापलीकडे गेल्याचा त्यांचा दावा होता. उंचीसाठी रॉकेट, वेगासाठी स्फोटक अशी ही उलटी वाटणी; तिचा उल्लेख या विषयात क्वचितच होतो.

विद्युत्‌चुंबकीय व यांत्रिक फेक : नॉर्वेचे क्रिस्टियान बिर्कलान यांच्या विद्युत् तोफेचे १९०३ मधील जाहीर प्रात्यक्षिक मंडलसंक्षेपाने (शॉर्ट सर्किटने) आणि झगझगीत ठिणगीने आटोपले, त्या ठिणगीतून पुढे हवेतील नायट्रोजनपासून खत बनविण्याची पद्धत निघाली, हा त्यातला लाभ. अमेरिकी नौदलाच्या रेलगनने (दोन रुळांतून विद्युत् प्रवाह सोडून गोळा फेकणाऱ्या तोफेने) २०१० मध्ये ३३ मेगॅज्यूलची मजल मारली. हे काम २०२१ मध्ये थांबले. रुळांची झीज हा रेलगनचा जुना आजार आहे.

अमेरिकेतील स्पिनलाँच कंपनीने न्यू मेक्सिकोत सु. ३३ मी. व्यासाचा निर्वात कक्ष उभारला. त्यात भुजेच्या टोकाला अडकविलेले प्रक्षेप्य गरगर फिरवून गोफणीसारखे सोडतात. पहिली चाचणी ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि दहावी सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. सर्व चाचण्या उपकक्षीय होत्या. कक्षेसाठी योजिलेल्या सु. १०० मी. व्यासाच्या यंत्रातही सुटण्याचा वेग २ किमी./से.च्या थोडा वरच, म्हणजे ‘हार्प’एवढाच, आणि पुढे रॉकेटचे टप्पे होते. त्वरण इथेही दहा हजार जी, फरक इतकाच की ते क्षणभर नसून भुजा फिरत असेपर्यंत टिकते.

अंतराळ उद्वाहक : शेवटच्या धक्क्याविना कक्षा देऊ शकेल असा हा मार्ग. भूस्थिर उंचीच्या (३५,७८६ किमी.; इथे उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो) खाली आणि वर तोलून धरलेली दोरी विषुववृत्तावर बांधायची आणि तिच्यावरून वाहन चढवायचे. चढताना आडवा वेग दोरी पुरविते, म्हणजे अंतिमतः पृथ्वीचे परिवलन. भूस्थिर उंचीला हात सोडला की वस्तू तिथेच राहते. सु. २३,४०० किमी.च्या खाली सोडली तर ती वातावरणात येऊन पडते, सु. ४६,७०० किमी.च्या वर सोडली तर पृथ्वीपासून सुटते.

कल्पनेचे जनकत्व सामान्यतः रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांना देतात. १८९५ मध्ये त्यांनी वर्णिला तो जमिनीवरून उभारलेला, दाब सोसणारा मनोरा होता. आयफेल मनोऱ्यावरून तो सुचला असे म्हणतात. वरून टांगलेल्या, ताण सोसणाऱ्या दोरीची कल्पना लेनिनग्राडचे अभियंते यूरी आर्त्सुतानॉव्ह यांनी ३१ जुलै १९६० रोजी ‘कोम्सोमोलस्काया प्राव्दा’त मांडली. ती त्या वेळी पश्चिमेत पोहोचली नाही. १९६६ मध्ये जॉन आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९७५ मध्ये जेरोम पिअर्सन यांनी ती पुन्हा स्वतंत्रपणे शोधली. आयझॅक्स हे समुद्रवैज्ञानिक होते, हे लक्षणीय आहे. रचनेतील फरक पाहता आजच्या उद्वाहकाचे श्रेय आर्त्सुतानॉव्ह यांच्याकडे अधिक जाते.

अडचण द्रव्याची आहे. एकसारख्या जाडीच्या दोरीने सु. ४,९०० किमी. लांबीचा स्वतःचा भार, भूपृष्ठावरील गुरुत्वात, पेलायला हवा. दोरी भूस्थिर उंचीला जाड आणि टोकांना निमुळती केली तर कमी मजबूत द्रव्य चालते, पण उत्तम पोलादाच्या बाबतीत जाड व बारीक छेदांचे गुणोत्तर १०³³च्या घरात निघते. कार्बन नॅनोनलिका पुरेशा मजबूत ठरू शकतात. त्यांच्या हव्या तेवढ्या लांब, निर्दोष दोऱ्या बनत नाहीत. जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ मध्ये ९६,००० किमी. दोरीचा आराखडा जाहीर केला. कक्षेतील लांब तारांचा अनुभव मर्यादित आहे : फेब्रुवारी १९९६ मध्ये अंतराळयानातून सोडलेली तार सु. १९.७ किमी. उलगडल्यावर विद्युत् प्रज्योतीने जळून तुटली.

इतर : हान्स मोरावेक यांनी १९७७ मध्ये कक्षेत फिरणारी, टोकाने वातावरणाला स्पर्शून भार उचलणारी दोरी सुचविली, उचललेल्या प्रत्येक भारागणिक तिचा संवेग घटत असल्याने तो परत भरावा लागतो. कीथ लॉफ्स्ट्रॉम यांच्या आराखड्यात वेगाने धावणारी लोखंडी पट्टी सु. २,००० किमी. लांबीचा मार्ग ८० किमी. उंचीवर तोलून धरते. लेसरच्या स्पंदांनी हवा तापवून उडणारे लीक मिराबो यांचे छोटे यान २००० मध्ये व्हाइट सँड्स येथे ७१ मी. उंच गेले.

चंद्रावर हवा नाही आणि मुक्तिवेग २.४ किमी./से. एवढाच आहे. त्यामुळे जेरार्ड ओनील यांनी १९७०च्या दशकात विद्युत्‌चुंबकीय प्रवेगकाने तेथील माती फेकण्याची योजना केली. एमआयटीत हेन्री कोल्म यांच्यासह त्याची लहान प्रतिकृतीही चालवून दाखविली. चंद्राभोवती कक्षेत मात्र याने काही ठेवता येत नाही, फेकलेला माल पहिल्या फेरीनंतर जमिनीवर आदळतो. म्हणून ओनील यांनी तो चंद्रापलीकडील दुसऱ्या लाग्रांज बिंदूजवळ (पृथ्वी व चंद्र यांच्या गुरुत्वाचा तोल साधणाऱ्या स्थानाजवळ) झेलण्याची तजवीज केली होती.